प्यूमावर मतदान आणि माझी पोटदुखी

मंडळाच्या अंकाच्या संपादिका फोनवर म्हणाल्या, "काकू, नागपूरची एक मुलगी अमेरिकेच्या जंगलात कशी पोचली, असं काहीतरी इन्स्पायरिंग लिहा ना." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पोचले कशी ते सांगायला एक ओळ पुरते: व्हेटर्नरी कॉलेज, मग लग्न, मग इथली डिग्री, मग नोकरी. त्यात इन्स्पायरिंग काही नाही. मला लिहायचंय ते हेव्याबद्दल. आपल्या मंडळांच्या अंकांत सगळे कृतार्थ असतात. एखादीनं तरी जळावं की नाही?

मी पश्चिमेकडच्या एका डोंगराळ राज्यात वन्यजीव खात्यात होते. राज्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथली मंडळी धडधाकट आहेत आणि आमचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू आहे. माझ्याकडे प्यूमा हा प्राणी होता. तिकडे त्याला माउंटन लायन म्हणतात, म्हणून आपल्या लोकांना आयाळवाला सिंह वाटतो. तसं काही नाही. मातकट रंगाचं, लांब शेपटीचं, बिबट्याएवढं मांजर. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची हा प्रश्न गोष्टीतल्या उंदरांना पडतो. मला ती बांधायचा पगार मिळायचा.

घंटा म्हणजे रेडिओचा पट्टा. ती बांधायची रीत अशी. हिवाळ्यात नवं बर्फ पडलं की पहाटे माग काढायचा. ताजा माग मिळाला की डेलचे कुत्रे सोडायचे. डेल हा तिथला शिकारी, लांब कानांचे हाऊंड पाळणारा. त्याच्या कुत्र्यांनी पाठलाग केला की प्यूमा झाडावर चढून बसतो. मग मी खालून भुलीचं इंजेक्शन मारायचं, दोर लावून त्याला उतरवायचं, वजन-मापं घ्यायची, पट्टा बांधायचा, जागं करायचं इंजेक्शन द्यायचं आणि लांब जाऊन उभं राहायचं. ती मांजरं उठून, झिंगल्यासारखी दोन पावलं टाकून, मागे वळून न बघता निघून जायची. आभार मानायची पद्धत त्यांच्यात नाही.

त्याच डेलचे तेच कुत्रे घेऊन इतर वेळी लोक प्यूमाची शिकारही करायचे. कायदेशीर, परवाना काढून. नवख्या माणसाला हे पचत नाही. मलाही सुरुवातीला पचलं नव्हतं. कुठल्या भागात किती मारायचे, त्यात माद्या किती, हे दरवर्षी खातं ठरवायचं आणि त्या आकड्यांचा मसुदा माझ्या टेबलावर तयार व्हायचा. एखाद्या भागातली माद्यांची मर्यादा भरली की तिथली शिकार बंद. बर्फ कमी पडलं, पिल्लं कमी दिसली, की पुढच्या वर्षी आकडा खाली. मारणाऱ्यानं डोकं आणि कातडं आमच्या ऑफिसात आणून दाखवायचं. मी नर की मादी बघायचे आणि सुळ्यामागचा एक बारका दात उपटायचे. त्या दाताच्या मुळाला झाडाच्या खोडासारखी वर्षं असतात, ती प्रयोगशाळेत मोजतात. एक वैताग असा की जबडा थंडीनं गच्च मिटतो. म्हणून शिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवायचं, बाबांनो, गोठायच्या आत तोंडात आडवी काटकी घाला. निम्मे विसरायचे. मग मी हेअर ड्रायर घेऊन बसायचे.

एका गृहस्थानं प्यूमा गाडीच्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून, शेजारी बसवून आणला होता. मागे कुत्रे होते, चिडले असते, म्हणाला. आणि आमच्याच मंडळातल्या एका काकूंनी घाबरून फोटो पाठवला, बॅकयार्डात प्यूमा आलाय, मुलांना आत घेतलंय, पोलिसांना बोलावू का. फोटोत शेजाऱ्याचा केशरी बोका होता. मी तसं कळवलं तर रागावल्या. मोठा होता गं, म्हणाल्या.

दरवर्षी आकडे पक्के करायच्या आधी जाहीर सभा घ्यावी लागे. लोकांनी यावं, मत द्यावं. मी नकाशे टांगायचे, कॉफी आणि डोनट मांडायचे. यायचे तीन जण. एक डेल. दुसरे एक म्हातारे, ते दरवर्षी त्यांच्या डेकखाली राहून घाण वास सोडणाऱ्या स्कंकची तक्रार घेऊन यायचे. तिसरा डोनटसाठी. तरी मी दरवेळी उभं राहून तेच वाक्य म्हणायचे की हे प्राणी खात्याचे नाहीत, शिकाऱ्यांचे नाहीत, या राज्यातल्या सगळ्या लोकांचे आहेत, आम्ही फक्त राखणदार. अगदी मनापासून म्हणायचे. समोर तीनच माणसं असली की असं मनापासून म्हणता येतं.

आता शर्मिला. शर्मिला कोथरूडची, घरं विकते, आणि चांगली विकते. माझी मैत्रीण. दोघींची मुलं एका शाळेत, डोहाळजेवणापासूनची ओळख. माणूस एकदा भेटला की त्याचं, त्याच्या बायकोचं, त्याच्या कुत्र्याचं नाव तिच्या लक्षात राहतं. जंगलाशी तिचा संबंध म्हणजे हायवेवरचा व्ह्यू पॉइंट, तिथेही गाडीतून न उतरता. तर एका उन्हाळ्यात मंडळाच्या पिकनिकला ती क्लिपबोर्ड घेऊन उभी. प्यूमाच्या शिकारीवर आणि त्यासाठी कुत्रे वापरण्यावर बंदी आणायची, आणि ते खात्यानं नाही, थेट मतदारांनी ठरवायचं. पुरेशा मतदारांच्या सह्या गोळा झाल्या की प्रश्न मतपत्रिकेवर येतो आणि लोकांनी हो म्हटलं की कायदा. आता आम्ही राहतो त्या कॅरीत हे नसतं, नॉर्थ कॅरोलायनात लोकांना असा प्रश्न मतपत्रिकेवर आणताच येत नाही. तिकडे येतो.

भेळेच्या स्टॉलपेक्षा तिच्यापुढे रांग मोठी. माझ्या तीन माणसांच्या सभा डोळ्यांपुढे आल्या आणि मी कणीस अर्धं टाकून दिलं.

गणपतीत तर तिनं टी-शर्टच वाटले. त्यावर फोटो, पाण्याशी वाकलेली प्यूमा मादी आणि मागे दोन पिल्लं, एकाचं तोंड कॅमेऱ्याकडे. तो फोटो माझा. म्हणजे मी झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यानं काढलेला. ती पाणवठ्याची जागा शोधायला मी घोटा मुरगाळून घेतला होता. खात्याच्या वेबसाइटवर तो कित्येक दिवस पडून होता, सरकारी फोटो म्हणजे कुणीही वापरावा. कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. आता आरतीला उभे असलेले निम्मे लोक माझी पिल्लं छातीवर घेऊन टाळ्या वाजवत होते आणि शर्मिलाला म्हणत होते, किती सुंदर फोटो मिळवलास. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मला प्रसादाचा मोदक गोड लागला नाही.

तुम्ही म्हणाल, मग बोलायचं होतंस ना तिथेच. इथे माझी गंमत झाली. ऑफिसातून सगळ्यांना ईमेल आला होता, कर्मचाऱ्यांनी या प्रश्नावर बाजूनं किंवा विरोधात प्रचार करू नये. मी पहिली ओळ वाचली आणि मिटलं. माझे बाबा चंद्रपूरकडे वनखात्यात रेंजर. निवडणूक आली की ते पानठेल्यावर उभे राहायचंही सोडायचे. सरकारी माणसाला मत नसतं, त्यानं ते फक्त पेटीत टाकायचं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. तेच मी अमेरिकेत पाळलं. घरात, फोनवर, मंडळात, कुठेही अवाक्षर काढलं नाही. आणि नेमकं तेव्हाच, आयुष्यात पहिल्यांदा, सगळं जग मला माझ्या कामाबद्दल विचारत होतं. वसुधा, त्या प्यूमाच्या प्रश्नावर काय करायचं गं? मी म्हणायचे, मला बोलता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

लोकांनी त्याचा अर्थ त्यांना हवा तसा लावला. हिचं खात्याशी पटत नसणार, मनातून ही बंदीच्याच बाजूची, नोकरी जाईल म्हणून गप्प आहे. हे फिरत फिरत शर्मिलाकडे पोचलं आणि ती भाषणात सांगायला लागली की आमची वसुधा तिथेच काम करते, तीसुद्धा नाही म्हणत नाही. माझा नवरा अरविंद हे ऐकून आला आणि हसत हसत मला सांगितलं. त्या दिवशी त्यानं स्वतःचा चहा स्वतः केला.

माझ्या दृष्टीनं काय पणाला लागलं होतं ते सांगते. बंदी आली असती तर डेलनं कुत्रे विकले असते. वर्षातून मोजक्या वेळा माझ्या कामासाठी कुणी कुत्र्यांची फौज पाळत नाही. कुत्रे नाहीत तर झाडावर प्यूमा नाही, प्यूमा नाही तर पट्टा नाही, आणि मी इतकी वर्षं आईपासून लेकीपर्यंत, लेकीपासून तिच्या पिल्लांपर्यंत जो धागा धरला होता तो तुटला. शिवाय खात्याचा आकडा दरवर्षी बदलता येतो. मतदारांनी केलेला कायदा बर्फ बघून बदलत नाही. ही सगळी कारणं खरी आहेत. पण झोप उडाली ती या कारणांनी नव्हे. झोप उडाली ती टी-शर्टनं.

मतपत्रिका घरी यायच्या सुमाराला मी कागद द्यायला माझ्या वरिष्ठ बाई कॅरन यांच्या घरी गेले. त्यांच्या अंगणात ही मोठी पाटी, या प्रश्नाला नाही म्हणा. मी विचारलं, हे चालतं? त्यांनी विचारलं, तू ईमेल पुढे वाचलाच नाहीस? मग समजलं की ईमेलच्या दुसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, कामाच्या वेळेत आणि खात्याच्या साधनांनी. घरी, आपल्या वेळेत, आपलं तोंड आपलं. ऑफिसातला प्रत्येक जण महिनोन्महिने बोलत होता. गप्प बसलेली मी एकटी. त्यांना वाटत होतं, वसुधाला या विषयात फारसा रस नाही.

आमच्या मंडळात एक पद्धत होती. मतपत्रिका पोस्टानं येते आणि सोबत प्रश्नांचं जाडजूड पुस्तक येतं. ते कोण वाचणार? मग एका रविवारी कुणाच्या तरी घरी पोहे-चहा, आणि विषय वाटून दिलेले. आरोग्याचा प्रश्न डॉक्टर देशमुखांनी वाचून यायचा, कराचा प्रश्न सीए असलेल्या कुलकर्णीनं. त्यांनी समजावायचं आणि बाकीच्यांनी बहुतेक त्यांच्या मागून खूण करायची. बरोबर की चूक ते सोडा, पण तशी रीत. त्या वर्षी प्यूमाचा विषय शर्मिलाला दिला होता. का, तर वसुधाला बोलता येत नाही.

कोजागिरीच्या आसपासचा रविवार. मी हात पुसत पुसत सगळ्यांच्या मधे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, हा विषय माझा आहे. शर्मिला जरा चपापली, पण लगेच म्हणाली, मग तू आधी बोल. हाच तिचा गुण मला सहन होत नाही.

मी बोलले. नकाशा काढला, दातांची वर्षं सांगितली, माद्यांची मर्यादा सांगितली, कुत्रे गेले तर काय जाईल ते सांगितलं. डॉक्टर देशमुख मान डोलवत होते, मागच्या बायका फोन बघत होत्या. शेवटी मी माझ्या मते हुकमी पान टाकलं. म्हटलं, अपेंडिक्स काढायचं तर तुम्ही हात वर करून मतदान घेता का?

शर्मिला म्हणाली, "ऑपरेशन कसं करायचं ते डॉक्टर ठरवेल गं. पण करायचं की नाही, ते पेशंटला विचारतात ना?"

डॉक्टर देशमुखांनी तिच्याकडेही मान डोलवली. माझ्या मनात आलं, हे मला का सुचलं नाही. मग तिनं आकडे मंजूर करणाऱ्या कमिशनचं काढलं. तिथे बसलेले लोक कोण नेमतं? गव्हर्नर. त्यात शिकारी किती, गुरं पाळणारे किती, आणि तिच्यासारखे, ज्यांना नुसतं वाटतं की तो प्राणी तिथे असावा, ते किती? मला खरं उत्तर माहीत होतं. शेवटचे कुणीच नव्हते.

"तूच सांगतेस ना, हे प्राणी सगळ्यांचे," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, अगदी मैत्रिणीसारखं. "मग सगळ्यांना विचारलं तर तुला एवढा राग का येतो?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कारण तुम्ही सगळे येण्याआधी मी तिथे होते."

कुलकर्णीनं पोह्यांवर लिंबू पिळलं. अरविंद जमिनीकडे बघत होता. ते काही मतदानाचं कारण नव्हतं, ते सगळ्यांना कळलं, आणि मलाही. मग ज्यानं त्यानं आपापली मतपत्रिका उचलून आपापल्या मनानं खूण केली. त्या रविवारची तेवढीच एक चांगली गोष्ट झाली असेल.

मतमोजणीत बंदीचा प्रस्ताव पडला. शहरांत त्याला बरी मतं मिळाली, डोंगरांत नाही. डेलनं ऑफिसात येऊन माझ्याशी हात मिळवला. मी शर्मिलाला फोन केला नाही, म्हटलं जखमेवर मीठ कशाला. फोन तिनंच केला. म्हणाली, हरलो ते हरलो, पण मी एकही प्यूमा प्रत्यक्ष बघितलेला नाही, इतक्या लोकांच्या सह्या घेतल्या आणि कशासाठी ते बघितलंच नाही, मला दाखव. मी म्हटलं, जिवंत दाखवणं माझ्या हातात नाही, मेलेला चालेल? मला वाटलं, आता नाही म्हणेल. ती म्हणाली, चालेल.

खरं सांगते, मी तिला बोलावलं ते चांगुलपणानं नाही. तिला एकदा ते रक्त, तो वास, तो गोठलेला जबडा दिसू दे, टी-शर्टवरच्या गोडव्याला जरा उतार पडू दे, असं माझ्या मनात होतं. ती नाकाला रुमाल लावेल, चक्कर येऊन खुर्चीत बसेल, आणि मी हातमोजे घालून शांतपणे माझं काम करत राहीन. हे चित्र मी गाडी चालवताना दोनतीनदा रंगवलं होतं.

हिवाळ्यात एका दुपारी ती ऑफिसात असतानाच एक शिकारी आला. प्लंबर होता, मध्यम वयाचा, शांत. मादी होती. परवाना ठीक, भागातली मर्यादा शिल्लक, स्तनांवर दूध पाजल्याच्या खुणा नाहीत, म्हणजे मागे पिल्लं नसावीत. सगळं नियमात. तो आकडा माझ्याच टेबलावरून गेलेला. काटकी घालायला मात्र तो विसरला नव्हता, तोंड उघडं होतं.

मी शर्मिलाला म्हटलं, लांबून बघ. ती लांब थांबली नाही. सरळ टेबलाशी आली आणि त्या माणसाला विचारलं, हात लावू का. तो म्हणाला, हो. तिनं पुढच्या पंजावर हात ठेवला, बोटांच्या मधल्या केसांत बोटं घातली आणि रडायला लागली. हुंदके नाहीत, तमाशा नाही. नुसतं पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. त्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. इतक्या वर्षांत माझ्या टेबलासमोर कुणी टोपी काढली नव्हती. मग तो तिला सांगायला लागला, ती कुठल्या कड्यावर होती, बर्फ किती होतं, गोळी घातल्यावर त्याला कसं वाटलं. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, मी फक्त जागा आणि तारीख विचारायचे.

मी दात उपटला. मूळ न तुटता अख्खा आला, हात सवयीचा होता. पाकिटात घातला. शर्मिलानं डोळे वर करून विचारलं, "तुला नाही येत गं रडू?"

मी म्हटलं, "सवय झाली."

ती मान हलवून पुन्हा पंजाकडे बघू लागली. मी तिच्या शेजारी उभी होते, हातमोजे घालून. त्या जातीच्या प्राण्यांसाठी मी घोटे मुरगाळले होते, बर्फात बसले होते, त्यांच्या आया आणि लेकी मला ठाऊक होत्या. तिनं आयुष्यात पहिल्यांदा एक बघितला होता. सह्यांचा हेवा वाटला होता, रांगेचा वाटला होता, टी-शर्टचा, अपेंडिक्सच्या उत्तराचा. ते सगळं एका बाजूला. त्या टेबलाशी उभी राहून मला तिच्या रडण्याचा जो हेवा वाटला, तसा आजवर कशाचाच वाटलेला नाही.